चौथ्या प्रकरणातलं वाक्य

विद्यापीठात शोधप्रबंध जमा करण्याआधी तो एकदा समितीपुढे मांडावा लागतो. त्याला पूर्वसादरीकरण म्हणतात. तेवढी पायरी ओलांडली की पुढे उरतात ती बहुतेक सह्यांची कामं. संघरत्ना त्या पायरीवर पोचली तेव्हा तिच्या नोंदणीला सात वर्षं आठ महिने झाले होते. कोर्सवर्क, दर सहा महिन्यांनी प्रगती अहवाल, दोन शोधलेख, मधे एकदा विषय बदलायचा अर्ज, दोनदा मुदतवाढ. बायकांना मिळते ती जादा मुदतसुद्धा वापरून झाली होती. जूनच्या तीस तारखेला आठ वर्षं भरत होती आणि त्यानंतर नोंदणी रद्द, असा नियम होता.

विषय होता क्षमा करण्याचा अधिकार. कोणी कोणाला माफ करावं, आणि ज्याचं नुकसान झालं तो जिवंतच नसेल तर त्याच्या वतीने माफ करायचा हक्क कोणाला असतो का, असा तिचा प्रश्न.

संघरत्ना मुरबाडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवायची, राहायला शहापूरजवळ सापगावला. बोलताना ती सहसा अडखळत नसे. त्या दिवशीही पाऊण तास नीट बोलली. समितीतले एक वयस्क प्राध्यापक इतका वेळ डोळे मिटून ऐकत होते. त्यांनी चष्मा चढवला आणि चौथं प्रकरण उघडलं.

"हे वाक्य मला फार आवडलं," ते म्हणाले आणि त्यांनी ते मोठ्याने वाचलं. "'ज्याचं गेलं त्यानेच माफ करायचं असतं, आणि तोच राहिला नाही. आता दुसऱ्या कोणी माफ करणं म्हणजे शेजाऱ्याच्या कणगीतलं भात वाटणं.' तुमचा सगळा युक्तिवाद या वाक्यावर उभा आहे. पण इथे तळटीप नाही. हे कोणाचं?"

संघरत्नाच्या मार्गदर्शक अनिता मॅडम शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी कौतुकाने तिच्याकडे पाहिलं.

"माझंच आहे, सर," संघरत्ना म्हणाली.

ते वाक्य तिचं नव्हतं.

---

नोंदणीनंतर दीड वर्षाने, जानेवारीत, तिचा नवरा धम्मपाल गेला. तो वीज कंपनीत लाइनमन होता. त्या संध्याकाळी संघरत्नाला प्रगती अहवाल पाठवायचा होता, शेवटची तारीख होती, आणि पाच वर्षांची पौर्णिमा तिला खुर्चीवर बसू देत नव्हती. तिने धम्मपालला फोन केला. "कुठे आहात? लवकर या, हिला घ्या, माझं आज जाणार नाही नाहीतर." तो म्हणाला, "आलोच." त्यानंतर थोड्याच वेळात शहापूर-मुरबाड रस्त्यावर भेंडीच्या टेम्पोने त्याला उडवलं. ठाण्याला नेतानाच तो गेला.

टेम्पो हरेश चालवत होता. मुरबाडजवळच्या म्हसा गावापुढच्या एका वाडीतला, दामू नावाच्या शेतकऱ्याचा मुलगा. घरची भातशेती आणि भातानंतर भेंडी. आपल्या जबाबात त्याने सांगितलं की मोटरसायकल एकदम समोर आली, माणूस घाईत होता. पाहिलेलं दुसरं कोणी नव्हतं. प्रकरण त्यावर मिटलं. काही लोक संघरत्नाच्या घरी आले, हे असं सोडू नका म्हणाले. काही आले आणि कशाला वाढवता म्हणाले. ती कोणाशीच बोलली नाही. 'माणूस घाईत होता' एवढंच तिच्या डोक्यात बसलं होतं. घाई कोणी केली होती ते तिलाच ठाऊक होतं. त्या फोनबद्दल तिने पुढे कोणालाही सांगितलं नाही.

बाराव्या दिवशी पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात वंदना झाली, माणसं जेवून पांगली आणि हरेश एकटा दारात येऊन उभा राहिला. पंचवीस-सव्वीसचं वय, अंगात कोणाचा तरी मोठा शर्ट. "आये, मला माफ करा," एवढंच तो म्हणत होता. धम्मपालची आई गीताबाई उंबऱ्याच्या आत उभी होती. तेव्हा तिने ते वाक्य उच्चारलं. आवाज चढवला नाही. हरेश पायरी उतरून गेला.

संघरत्ना आत भिंतीला टेकून ऐकत होती. गेले बारा दिवस शेकडो माणसं शेकडो शब्द बोलून गेली होती, पण तिला धरून उभं राहता येईल असं हे पहिलंच वाक्य होतं. ज्याने माफ करायचं तोच नाही, म्हणजे माफीचा प्रश्नच संपला. हरेशचाही, आणि तिचा स्वतःचाही.

वर्षभराने तिने विषय बदलायचा अर्ज दिला. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'मूळ विषयावर पुरेसं साहित्य उपलब्ध नाही.'

---

पूर्वसादरीकरणाचा शेरा चांगला आला. साम्य तपासणीही झाली. संगणकाने सबंध प्रबंध चाळला आणि सात टक्के साम्य दाखवलं, ते सगळं अवतरणांचं. गीताबाई कुठल्या पुस्तकात नव्हती, संगणकाला ती कुठून सापडणार.

मग अनिता मॅडमनी प्रतिज्ञापत्राचा नमुना पाठवला. 'हा प्रबंध माझे स्वतःचे संशोधन असून, जेथे इतरांचे विचार घेतले आहेत तेथे त्यांचा स्पष्ट निर्देश केला आहे.' खाली सहीची जागा. संघरत्नाने तो कागद चार दिवस दप्तरात घेऊन मुरबाडला नेला आणि परत आणला. वर्गात मुलांना ती अनुमानाचे प्रकार शिकवत होती. एका मुलीने विचारलं, "मॅडम, आधारवाक्य खोटं असेल आणि निष्कर्ष बरोबर निघाला तर?" संघरत्नाने पुस्तकातलं उत्तर दिलं आणि तास संपायच्या आधीच वर्ग सोडला.

त्या रविवारी गीताबाई ओट्यावर चिंचा फोडत होती. मार्च संपत आला होता. पौर्णिमा, आता अकरा वर्षांची, बाजूला बसून चिंचोके वेगळे करत होती.

"आई," संघरत्ना म्हणाली, "तो हरेश दारात आला होता ना, तेव्हा तुम्ही त्याला बोललात ते मी माझ्या प्रबंधात घेतलंय. तिथे तुमचं नाव घालायचंय."

"काय बोलले मी?"

संघरत्नाने वाचून दाखवलं. गीताबाईने हातातली चिंच खाली ठेवली.

"बोलले असंन. त्याला दारातून घालवायचा होता गो. माझा पोरगा जाऊन बारा दिस झालेले. तोंडाला आलं ते बोलले."

"पण ते खरंच आहे. मी त्यावर पाच वर्षं काम केलंय."

"खरं कसं? खरं असतं तर मी त्याला माफ कशी केली असती?"

संघरत्नाला आधी कळलंच नाही. तिने परत विचारलं. गीताबाईने पदराला हात पुसले आणि सरळ सांगितलं. चार वर्षांपूर्वी ती म्हशाच्या जत्रेला गेली होती, घोंगडी घ्यायला. बैलबाजारात हरेश बैल विकायला उभा होता. तिला पाहून तो बैलाची वेसण सोडून मागे मागे आला आणि घोंगडीवाल्यांच्या रांगेत तिच्यासमोर खाली बसला. त्याने तिला काहीतरी सांगितलं. ते ऐकल्यावर ती त्याला म्हणाली, जा, माझ्याकडून झालं.

"आणि हे तुम्ही मला सांगितलं नाही."

"तू अभ्यासात होतीस. परत उकरून काय करायचं होतं?"

"कोणाच्या वतीने माफ केलंत तुम्ही? त्यांच्या? माझ्या?"

"माझ्या. मी आय हाय त्याची. माझा वाटा मी सोडला. तुझा तुझ्यापाशी हाय."

पौर्णिमा चिंचोक्यांवरून मान न उचलता म्हणाली, "मला तर कोणी विचारलंच नाही."

मग संघरत्नाने विचारलं, "त्याने काय सांगितलं तुम्हाला?"

"ते त्याला विचार. त्याच्या तोंडचं हाय, त्यानंच सांगायला पायजे. मी नाय सांगनार."

संघरत्ना खूप वेळ मागे लागली. गीताबाईने चिंचांची पाटी परत पुढ्यात ओढली. त्या रात्री दोघी एका ताटात न जेवता वेगळ्या जेवल्या, आणि पुढचे कितीतरी दिवस तसंच चाललं.

---

पुढच्या शनिवारी कॉलेज सुटल्यावर संघरत्ना मुरबाडहून म्हशाची एसटी धरून गेली. तिथून वाडी दोन किलोमीटर. ऊन होतं. विहिरीकडेच्या तुकड्यात भेंडी उभी होती आणि एक बाई तोडलेली भेंडी क्रेटमध्ये लावत होती. ती हरेशची आई रंभा. संघरत्नाने नाव सांगितलं तशी ती उठून उभी राहिली आणि तिने घराकडे हाक मारली.

हरेश घरातून आला. टेम्पो त्याने त्याच वर्षी सोडला होता. तेव्हापासून स्टिअरिंगला हात लावलेला नाही, असं रंभा मधेच म्हणाली. संघरत्ना पडवीत बाजेवर बसली. पाणी आणलं ते तिने घेतलं.

"माझ्या सासूबाईंना तुम्ही म्हशाला काय सांगितलंत ते मला ऐकायचंय," ती म्हणाली.

हरेशने आईकडे पाहिलं. मग तो जमिनीवर बसला.

"ताई, दादा घाईत नव्हते. ते चालतच नव्हते."

"म्हणजे?"

"रस्त्याच्या कडेला उभे होते. गाडी स्टँडला लावलेली. हेल्मेट आरशाला अडकवलेलं. फोन खिशात घालत होते. माझा मोबाइल खाली पायाशी पडलेला, ब्रेकच्या तिथं. मी वाकलो उचलायला. वर बघितलं तवा ते पुढ्यातच. कडेला, रस्त्याच्या खाली. त्यांची काय चूक नव्हती."

संघरत्नाने ओढणीचं टोक मुठीत धरलं.

"मग जबाबात?"

"घाबरलो. टेम्पो दुसऱ्याचा. मला सांगितलं कोनी कोनी, असं बोल, सुटशील. मी बोललो. आनि सुटलो." तो थांबला. "तुमच्या आयेला म्हशाला सांगितलं. त्या बोलल्या, जा, झालं. मला वाटलं, आता झोप लागेल. नाय लागत. तुमाला सांगायला चार वेळा सापगावच्या फाट्यापर्यंत आलो. तिथून माघारी गेलो."

संघरत्ना मधल्या एका वाक्यापाशीच अडली होती. फोन खिशात घालत होते. म्हणजे 'आलोच' म्हणून झाल्यावर अजून किकसुद्धा मारलेली नव्हती. फोन आला म्हणून त्याने नेहमीसारखी गाडी कडेला घेतली होती, स्टँडला लावली होती, हेल्मेट काढलं होतं. सहा वर्षं ती त्याला रोज त्या रस्त्यावरून सुसाट पळवत आली होती. तो तर उभा होता. आपल्या फोनमुळे तो घाईत नव्हता. पण आपल्या फोनमुळेच तो तिथे थांबला होता, हेही तिच्या लक्षात आलं. सुटका झाली असं तिला म्हणता येईना.

ती रडेल असं रंभाला वाटलं असावं, तिने पुढे होऊन तिच्या खांद्याला हात लावला. संघरत्नाने तो बाजूला केला.

"हे लिहून द्याल?" तिने हरेशला विचारलं. "पोलिसांकडे. कागदावर ते घाईत होते असं आहे. माझ्या मुलीने उद्या तो कागद वाचला तर तिच्या बापाची चूक होती असंच तिला कळणार."

रंभा मधे पडली. "बाय गो, तुझ्या सासूनं सोडवला त्याला. घरात दोन लहान पोरं हायत त्याची. आता परत कशाला?"

"आये, गप," हरेश म्हणाला. "देतो, ताई. सांगाल तवा येतो."

एसटीत बसल्यावर संघरत्नाला आठवलं, आपण त्याच्याशी तुम्ही-तुम्ही करत बोललो. त्याचाही तिला राग आला.

---

अनिता मॅडमना तिने सगळं सांगितलं. फोनचंसुद्धा. असं ती पहिल्यांदाच कोणाला तरी सांगत होती. मॅडम विभागातल्या आपल्या खोलीत कपाटाला पाठ लावून उभ्या राहून ऐकत होत्या. ऐकून झाल्यावर त्यांनी दार लोटून घेतलं.

"आता तुम्ही काय करणार?"

"ते वाक्य सासूबाईंचं आहे असं लिहिणार. त्यांनी पुढे ते मोडलं, हेही लिहिणार. आणि प्रकरण नव्याने लिहिणार. माझा निष्कर्ष आता तो राहिलेला नाही."

"संघरत्ना, जिवंत माणसाचं बोलणं संशोधनात आणायचं तर नीतिसमितीची परवानगी लागते, संमतिपत्र लागतं. समितीची पुढची बैठक जुलैत आहे. तुमची मुदत जूनमध्ये संपते."

"माहीत आहे."

"दुसरा रस्ता आहे. ते वाक्य काढून टाका. तोच मुद्दा दुसऱ्या शब्दांत मांडा. युक्तिवाद तसाही बरोबर आहे, तो कोणी कुठल्या मनःस्थितीत उच्चारला याने तो चुकीचा ठरत नाही. हे तुम्ही मुलांना शिकवता."

"शिकवते," संघरत्ना म्हणाली. "पण मी समितीसमोर माझं आहे म्हणून सांगितलं, मॅडम. आणि प्रबंधाचा विषय काय आहे?"

मॅडम खुर्चीत बसल्या. त्यांना निवृत्तीला दोन वर्षं होती आणि संघरत्ना त्यांची शेवटून दुसरी विद्यार्थिनी होती. "विशेष मुदतवाढीचा अर्ज करता येतो," त्या सावकाश म्हणाल्या. "मी शिफारस करीन. पण मिळते अशी खात्री मी देणार नाही. नाही मिळाली तर आठ वर्षं गेली. परत पहिल्यापासून, प्रवेश परीक्षेपासून. विचार करा."

संघरत्नाने विचार केला नाही असं नाही. एप्रिलचा सबंध महिना तिने विचारच केला. प्रतिज्ञापत्रावर सही करून टाकावी असं तिला दोनदा वाटलं. एकदा तर पेन हातात होतं. मग तिने समितीतल्या त्या वयस्क प्राध्यापकांना पत्र लिहिलं. आपण विचारलेल्या प्रश्नाला मी खोटं उत्तर दिलं होतं, ते वाक्य माझ्या सासूचं आहे. पत्र टाकल्यावर मागे फिरायला जागा उरली नाही.

त्यांचं उत्तर आठवड्याने आलं. दोनच ओळी होत्या. मला तसं वाटलंच होतं, असं त्यात होतं, आणि प्रकरण नव्याने लिहिल्यावर पाठवा.

---

मेच्या पहिल्या आठवड्यात हरेश आला. संघरत्ना, एक वकील आणि तो असे पोलिसांकडे गेले. त्याने नवा जबाब लिहून दिला. वकील म्हणाले, मिटलेलं प्रकरण परत उघडायचं तर कोर्टाची परवानगी लागेल, वेळ जाईल, पण जबाब आता कागदावर आला. हरेशने सही केली आणि बाहेर येऊन पायरीवर बसून राहिला. संघरत्ना त्याच्याशी न बोलता निघाली.

घरी गीताबाईला हे आधीच कळलं होतं. रंभाने फोन केला होता. दोघींचा फोन चालतो हेही संघरत्नाला तेव्हाच समजलं.

"मी माफ केलेला मानूस तू कोर्टात उभा केलास," गीताबाई म्हणाली. "मग माझ्या माफीला काय अर्थ राहिला?"

"तुम्ही माफ केलंत. पण तुम्हाला कळलं ते मला कळू दिलं नाहीत. चार वर्षं. मला काय वाटत होतं ठाऊक आहे तुम्हाला?" आणि मग तिने फोनचं सांगितलं. सगळं. अहवाल, शेवटची तारीख, लवकर या, आलोच.

गीताबाई ऐकत गेली. तिचा चेहरा हळूहळू बदलला.

"हे मला कवा बोललीस तू?"

"नाही बोलले."

"बोलली असतीस तर त्याच दिवशी घरी येऊन सांगितलं असतं तुला. जत्रेतून धावत आले असते."

एका घरात सहा वर्षं राहून दोघींनी एकमेकींना वाचवायला म्हणून काय काय दडवलं होतं, ते त्या दुपारी समोर पडलं. समेट मात्र झाला नाही. गीताबाईचं म्हणणं तेच राहिलं की पोरावर खटला नको, आणि संघरत्नाचं तेच की कागद खरा पाहिजे.

जूनची तीस तारीख आली आणि गेली. नोंदणी रद्द झाल्याचं पत्र आलं. विशेष मुदतवाढीचा अर्ज कुठल्या टेबलावर आहे ते कोणी सांगत नव्हतं. अनिता मॅडम दर आठवड्याला विचारायच्या. संघरत्नाने या दिवसांत चौथं प्रकरण पहिल्या ओळीपासून लिहून काढलं. आधीच्या मसुद्यात तिने सिद्ध केलं होतं की मेलेल्याच्या वतीने कोणालाच माफ करता येत नाही. आता तिला तो प्रश्नच उशिराचा वाटत होता. माफ करायचा हक्क कोणाचा, हे विचारण्याआधी, खरं काय झालं ते ऐकायचा हक्क कोणाकोणाचा, हे विचारायला हवं. आईचा वाटा, बायकोचा वाटा, मुलीचा वाटा. प्रत्येकीला तिचं ऐकायला मिळाल्याशिवाय कोणी काही सोडलं म्हणण्यात पुरतेपणा नाही. लिहिताना पौर्णिमाचं ते एक वाक्य तिच्या कानात होतं. पौर्णिमालाही तिने एक दिवस बसवून सगळं सांगितलं, वडील उभे होते तेही आणि आपण केलेल्या फोनचंही. पौर्णिमाने विचारलं, "म्हणजे बाबांनी हेल्मेट काढलं नसतं तर वाचले असते?" संघरत्ना म्हणाली, मला माहीत नाही.

संमतिपत्रावर सही घ्यायला ती गीताबाईकडे गेली. गीताबाई तेव्हा तिच्याशी कामापुरतं बोलत होती. तिने कागद पूर्ण वाचून घेतला. 'मी माझी संमती केव्हाही मागे घेऊ शकते' हे कलम तिने दोनदा वाचायला लावलं.

"मी बोलले ते लिहिलंस?"

"हो."

"मी ते मोडलं ते?"

"तेही."

"त्याचं नाव?"

"नाव कुठेच नाही. वाडीचंही नाही."

गीताबाईने सही केली. अक्षर मोठं आणि सुटं होतं, 'ई' रेघेच्या खाली गेली.

---

मुदतवाढ ऑगस्टच्या शेवटी आली, सहा महिन्यांची. नीतिसमितीनेही हरकत घेतली नाही. संघरत्नाने ऑक्टोबरात प्रबंध जमा केला. प्रतिज्ञापत्रावर सही करताना तिला मोठं काही वाटलं नाही, फक्त खाली तारीख घालायची ती विसरली आणि कारकुनाने तिला परत बोलावलं.

मौखिक परीक्षा पुढच्या एप्रिलमध्ये झाली. बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी दीड तास प्रश्न विचारले. चौथ्या प्रकरणावर त्यांचा रोख होता. ऐकण्याचा हक्क माफीच्या आधी ठेवला तर जिथे खरं कधीच कळणार नाही तिथे माफी अशक्य ठरते, हे तुम्हाला मान्य आहे का? संघरत्ना म्हणाली, मान्य आहे, आणि ही माझ्या मांडणीतली सगळ्यात दुबळी जागा आहे. शेवटी बाईंनी फाइल मिटली.

"एक विचारू? उत्तर दिलं नाहीत तरी चालेल. तुम्ही स्वतः त्या चालकाला माफ केलंत का?"

अनिता मॅडम म्हणाल्या, "हे प्रबंधाबाहेरचं आहे."

"नाही केलं," संघरत्ना म्हणाली. "करीन की नाही तेही सांगता येत नाही. तो खरं बोलला, त्यामुळे आता निदान मला ते ठरवता येईल."

पदवी द्यावी अशी शिफारस झाली. मॅडमनी चहा मागवला. संघरत्ना चहा घेऊन घरी आली तेव्हा चार वाजले होते. गीताबाई अंगणात वाळवण राखत बसली होती.

"झालं?" तिने विचारलं.

"झालं."

"बरं झालं." गीताबाईने पापड उलटले. मग म्हणाली, "वकिलाचा फोन येऊन गेला. कोर्टानं परवानगी दिली. बारा तारीख पडलीय."

संघरत्ना ओट्यावर बसली. पायातल्या चपला तिने काढल्या नाहीत.

"मी येनार तुझ्यासंगं," गीताबाई म्हणाली. "तुला एकटीला नाय पाठवनार. पन सांगून ठेवते. तिथं मी रंभाशेजारी बसनार."

संघरत्नाने सासूकडे पाहिलं. तिच्या मनात बरंच काही आलं, राग आला, आणि थोडं हायसंही वाटलं.

"बसा," ती म्हणाली.